घमेल्यातले निखारे आणि माझं हीट ट्रान्सफर

थंडी म्हटली की आपल्या हॉस्टेलवर दोनच विषय निघतात. सकाळचं गरम पाणी आणि आठच्या लेक्चरची अटेंडन्स. त्यात "ही कसली थंडी, थंडी आमच्याकडे असते!" म्हणणारा एकजण प्रत्येक विंगमध्ये असतोच. आमच्या विंगमध्ये तो मी. मी निफाड तालुक्यातला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५ अंशांच्या खाली गेला की पेपरात आमच्या तालुक्याचं नाव येतं. अशा पहाटे द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून लोक बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू करतात. बागेला एवढं जपणारी माणसं स्वतः मात्र पत्र्याखाली कुडकुडत झोपतात. आमचं घर त्यातलंच.

गेल्या डिसेंबरात पेपर संपवून घरी गेलो तेव्हा डोक्यात हीट ट्रान्सफर ताजं होतं. आजी म्हणाली, "एवढं शिकतोस, तर या घरातली थंडी घालव की." मी लगेच कामाला लागलो. पन्हळी पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटींत चिंध्या कोंबल्या, वरच्या झरोक्याला पुठ्ठा लावला, खिडकीच्या कडांना चिकटपट्टी, दाराखाली जुन्या साडीची गुंडाळी. एका दुपारचं काम, खर्च जवळजवळ शून्य. आईसुद्धा खूश!

त्या रात्री आजीने नेहमीप्रमाणे घमेल्यात बाभळीचे निखारे भरून खाटेजवळ ठेवले. तिच्या लहानपणापासूनची सवय. वडील गव्हाला पाणी द्यायला गेले होते, कारण त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. आम्ही कडी लावून झोपलो. मध्येच धाकट्या बहिणीला उलटी झाली, माझंही डोकं ठणकत होतं. वाटलं, रात्रीचं जेवण बाधलं. पुन्हा झोपलो.

तीनच्या सुमारास वडील आले. दार वाजवून वाजवून त्यांचे हात दुखले. शेवटी आई भिंतीला धरत उठली आणि तिने कडी काढली. गार वारं आत आल्यावर मी भानावर आलो. आजी मात्र हाका मारूनही उठेना. तिला अंगणात आणली, शेजारच्यांच्या जीपमधून तालुक्याला नेली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "रात्री खोलीत काय पेटवलं होतं?" ऑक्सिजन लावला, सकाळी उशिरा तिने डोळे नीट उघडले. वडिलांचं पाणी भरून व्हायला आणखी दोन तास लागले असते तर? तो विचार मी अजूनही टाळतो.

झालं काय होतं, ते पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीत आहे. प्रोड्युसर गॅस परीक्षेत मीच लिहिला होता. निखाऱ्यांच्या ढिगात खाली कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. निखाऱ्यांवर निळसर ज्योत नाचते ती हाच वायू जळतानाची. निखारे राखेखाली मंद झाले की ज्योत विझते, पण वायू येतच राहतो. लाकडाचा धूर निदान डोळ्यांत जातो, खोकला काढतो. या वायूला ना रंग ना वास, आणि वजन जवळपास हवेइतकंच, त्यामुळे तो खोलीभर मिसळतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, ग्लानी ही त्याची लक्षणं, आणि झोपेत ती कळत नाहीत.

मग आजी इतकी वर्षं कशी सुखरूप राहिली? तिचं माहेर कौलारू. कौलांच्या सांध्यांतून रात्रभर हवा ये-जा करायची. आमच्या पत्र्याच्या घरातही फटी होत्या. त्या फटींच्या जिवावरच तिचं घमेलं चालत होतं, आणि मी नेमक्या त्याच बुजवल्या.

वाईट याचं वाटतं की फटी हा मुख्य रोग नव्हताच. नंतर वहीत ढोबळ गणित मांडलं. खोली १२ बाय १५ फूट, उंची ९ फूट, म्हणजे साधारण ४६ घनमीटर हवा. आत-बाहेर १० अंशांचा फरक धरला आणि ही सगळी हवा तासाला एकदा बदलली, तर उष्णता जाते सुमारे १५० वॅट. पत्र्यातून? क्षेत्रफळ जवळपास १७ चौरस मीटर, दर चौरस मीटरला दर अंशामागे ६ वॅट धरा. हजार वॅट! झोपलेला माणूस देतो ७०-८० वॅट. चौघांनी मिळून काय तापणार? शिवाय निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता फेकून बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. म्हणून आपल्याच श्वासाची वाफ पत्र्याखाली जमून पहाटे गोधडीवर टपटपते. जुन्या धाब्याच्या घरांत हा प्रकार नव्हता, कारण वर मातीचा जाड थर असायचा. पत्रा स्वस्त आणि लवकर होणारा, त्याला नावं ठेवून उपयोग नाही. पण त्याच्या खाली काहीतरी हवं.

म्हणून जानेवारीत आम्ही पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूचे तट्टे बांधले आणि त्यांवर गोणपाटाचे जाड थर अंथरले. अडकलेली स्थिर हवा हाच खरा अडसर, गोधडीही त्याच तत्त्वावर चालते. कागदावर हजाराचे अडीचशे वॅट झाले. थर्माकोल आणखी चांगला, पण तो पेट घेतो, म्हणून नको म्हटलं. (गोणपाटही पेटतं. पण आमची चूल आणि गॅस दोन्ही पडवीत आहेत. तुमच्याकडे खोलीतच स्वयंपाक असेल तर हेही करू नका.) गोणपाटात उंदीर होतात ही आजीची तक्रार खरी आहे, त्यावर उपाय सापडलेला नाही. खाटेवर एक गोधडी अंगाखालीही घातली. दक्षिणेची खिडकी दिवसभर उघडी आणि चारनंतर बंद. झरोक्याचा पुठ्ठा मी स्वतः फाडला. घमेलं आता अंगणात.

हॉस्टेलवाल्यांना वाटेल, आपल्याकडे कुठे निखारे? पण बाहेर रूम करून राहणाऱ्या आपल्या पोरांपैकी बऱ्याच जणांच्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. बंद, छोट्या खोलीत तोही हाच वायू देऊ शकतो. गीझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्यायला मालकाच्या मागे लागा. तोवर बादली भरा, गॅस बंद करा, मग कडी लावा. आणि थंडी लागते म्हणून व्हेंटिलेटरला वर्तमानपत्र चिकटवू नका. रेक्टर सर ओरडतात म्हणून नाही.

आजी आता ठणठणीत आहे. मी सुट्टीला घरी गेलो की पाणी द्यायच्या आधी ती विचारते, "झरोक्याला हात लावणार नाहीस ना रे?"