नकाशावर रेघा कुठे मारायच्या?

संशोधनाचा आराखडा करताना आपण प्रश्नावली आणि चाचण्यांवर डोकं खपवतो, पण तुलनेसाठी गट कसे पाडायचे हे सवयीने ठरवून टाकतो. त्याने केवढा फरक पडतो हे बघायचं असेल, तर अमेरिकेतलं लव्ह कॅनालचं प्रकरण वाचा.

न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स शहरात एक अर्धवट खोदलेला कालवा होता. हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि मग ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. तिथे शाळा झाली, आजूबाजूला वस्ती झाली. पुढे घरांच्या तळघरांत रसायनं झिरपू लागली. ऑगस्ट १९७८ मध्ये राज्याने आणीबाणी जाहीर केली आणि कालव्यालगतची घरं रिकामी करायला घेतली.

बाकीच्यांचं काय? राज्याचा हिशोब अंतराचा होता: कालव्यापासून जितकं लांब, तितका धोका कमी. रहिवासी संघटनेच्या लोइस गिब्स यांनी मात्र घरोघरचे आजार नकाशावर मांडले. लांबच्या घरांतही आजार होते, आणि ते जुन्या, बुजवलेल्या ओघळांच्या रेषेत होते. मग कर्करोग-संशोधक बेव्हर्ली पेजन यांनी अंतर सोडून ‘ओली’ आणि ‘कोरडी’ घरं अशी तुलना केली. गर्भपातांचं प्रमाण ओल्या भागात जास्त निघालं.

आरोग्य खात्याने ही गृहिणींनी जमवलेली माहिती म्हणून उडवून लावली. आता तुम्ही परीक्षक आहात असं समजा. माहिती फोनवरून घेतलेली, लोकांच्या आठवणीवर बेतलेली; घाबरलेला माणूस आजार जास्तच सांगणार. आक्षेप रास्तच आहे. पण घाबरलेली तर कोरड्या घरांतली माणसंही होती ना? मग फरक का दिसावा? म्हणजे माहिती कच्ची असली, तरी गृहीतक तपासण्याजोगं होतं.

ते पुढे तपासलंही गेलं. १९८४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात ओघळांवरच्या घरांत कमी वजनाची बाळं जास्त आढळली. बाळाचं वजन जन्मनोंदीत असतं; तिथे आठवणीचा प्रश्नच येत नाही. लोक तोवर थांबले नव्हते, हेही लक्षात घ्या. त्यांच्या दबावामुळे मे १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी उरलेल्या कुटुंबांच्या स्थलांतराचा मार्ग मोकळा केला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये घातक कचऱ्याच्या सफाईसाठी ‘सुपरफंड’ कायदा झाला.

तेव्हा प्रदूषणग्रस्त भागात काम करणार असाल, तर प्रश्नावली छापण्याआधी एक विचारून घ्या: इथलं पाणी पूर्वी कुठून वाहायचं? रेघा त्यानंतर मारा.