अधिक मासाचे अपूप आणि सफरचंदाच्या चकत्या

चांद्र वर्षाचे दिवस ३५४, सौर वर्षाचे ३६५. दरवर्षी पडणारी ही अकरा दिवसांची तूट साठत साठत सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एका महिन्याएवढी होते आणि पंचांगात एक जादा महिना येऊन उभा राहतो. ज्या महिन्यास कोणी देव वाली नव्हता, मंगलकार्यास जो वर्ज्य ठरला, त्यास भगवंतांनी आपले पुरुषोत्तम हे नाव दिले, अशी पुराणकथा आहे. वाचकहो, ती कथा आपण प्रत्येक धोंड्याच्या महिन्यात ऐकता; तिचा विस्तार येथे करीत नाही. आज लिहावयाचे आहे ते या महिन्यातील एका दानाविषयी. ते म्हणजे अपूपदान.

तेहतीस अपूप कांस्यपात्रात ठेवून, वर दीप लावून, ते ब्राह्मणास अथवा लक्ष्मीनारायणस्वरूप मानून कन्या-जामातास द्यावयाचे, हा विधी महाराष्ट्रातील घराघरांत आहे. तेहतीस का, तर देव तेहतीस म्हणून. आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, प्रजापती आणि वषट्कार. आपल्याकडे अपूप म्हणून अनारसेच दिले जातात. त्याचे कारण दानमंत्रातच आहे. अपूपास जितकी छिद्रे तितकी सहस्र वर्षे दात्यास स्वर्गवास, असा त्याचा आशय. अनारशाच्या जाळीइतकी छिद्रे दुसऱ्या कोणत्या पक्वान्नास असतील?

आम्ही त्र्यंबकेश्वरी राहतो. २०२३ साली अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. त्याच्या वद्य पक्षात आमचा कीर्तन सप्ताह मालेगावी होता. मोसम नदीच्या एका काठास नारोशंकरांनी १७४० साली बांधावयास घेतलेला भुईकोट किल्ला, जुने शहर आणि रात्रंदिवस चालणारे माग. दुसऱ्या काठास कॅम्प. आमचे बिऱ्हाड कॅम्पात एका जुन्या यजमानांकडे होते. त्या घरी यजमानांच्या मातोश्री आहेत. त्यांना आम्ही काकू म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून बावीस अधिक मास झाले, आणि बावीसही वेळा तेहतीस अनारसे त्यांनी स्वहस्ते तळले.

यंदा त्यांची नात, जावई आणि सात वर्षांची पणती हॉलंडातील आइंडहोवन शहरातून सुटीस आली होती. द्वादशीला, म्हणजे १३ ऑगस्टच्या रविवारी, दान. त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांचे विमान.

आता आमच्या हातून घडलेला एक प्रमाद सांगावयास हवा. पणतीने आल्या दिवसापासून डोनटचा हट्ट धरला होता. कॅम्पातील एका बेकरीत तो मिळे; पण श्रावण, त्यात अंड्याची शंका, म्हणून काकूंनी घरात येऊ दिला नाही. ही हकीकत आम्हांस दुपारी कळली आणि रात्रीच्या कीर्तनात, पूर्वरंग रंगात आलेला असताना, आम्ही एक कोटी केली. म्हटले, 'ज्या पदार्थाचे काळीजच कापून टाकलेले, तो हल्ली मुलांच्या जिवाचा जिवलग झाला आहे!' श्रोते हसले. कीर्तनकाराला हशा मिळाला की विवेक क्षणभर बाजूस सरतो. नात दुसऱ्या ओळीत बसली होती. ती हसली नाही. घरी आल्यावर तिने शांतपणे सांगितले, "बुवा, तिकडे आमच्या गणपतीला उकडीचे पीठ मिळत नाही तेव्हा मी हेच तळते. देवापुढे ठेवते. लेकीला नैवेद्य म्हणून तेवढेच ठाऊक आहे."

आमच्याजवळ उत्तर नव्हते.

एकादशीच्या संध्याकाळी काकू कढईशी बसल्या. अनारसे कसे होतात हे आमच्या भगिनींना सांगणे नको. तरी सुनांच्या नव्या पिढीसाठी थोडक्यात नोंदवितो. जुना तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचा, पाणी रोज बदलावयाचे. चौथ्या दिवशी उपसून पंचावर सावलीत पसरावयाचा आणि किंचित दमट असतानाच कुटून बारीक चाळणीने चाळावयाचा. पिठाच्या भारोभार किसलेला चिकीचा नव्हे असा गूळ, चमचाभर तूप. गोळा दडपून डब्यात चार-आठ दिवस मुरवावयाचा. तळण्याच्या वेळी केळ्याच्या फोडीने किंवा दुधाच्या हाताने मळून, खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडावयाचा. उलटावयाचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवावयाचे, आणि निथळण्यास चाळणीत उभा ठेवावयाचा. यात दमटपणाचा अंदाज चुकला अथवा गूळ तोळाभर अधिक झाला, की अनारसा तुपात पसरून विरघळतो. त्याला आपल्या बायका 'अनारसा हसला' म्हणतात. किती मार्मिक शब्द! करणारी रडकुंडीला येते आणि अनारसा हसतो.

त्या दिवशी पाऊस नव्हता, पण हवा आठवडाभर कुंद होती आणि काकूंचा हात आता कापतो. चाळीस अनारशांचे पीठ होते. एकोणीस हसले, एकवीस टिकले. तांदळाचे सुके पीठ मिसळून पुन्हा मुरवावे तर चार दिवस हवेत. काकू कढईपासून उठल्या, देवघरात जाऊन बसल्या. "बावीस वेळा झाले, आता संपले माझे," एवढेच म्हणाल्या.

यजमान म्हणाले, बारा कुठून विकत आणू. काकूंनी मान हलविली. दान विकतचे नको. मग नातीने भीत भीत सुचविले. हॉलंडात वर्षाच्या अखेरच्या रात्री, ३१ डिसेंबरला, घरोघर तळणी निघते. पिठाचे गोळे तळतात त्यांना ओलिबोलेन म्हणतात, म्हणजे तेलातले गोळे. आणि सफरचंदाच्या चकत्या पिठात बुडवून तळतात. ती ते शेजारणीकडून शिकली होती. बारा चकत्या ती अर्ध्या तासात करून देणार होती.

काकू देवघरातूनच म्हणाल्या, "सफरचंदाची भजी जावयाच्या वाणात? बुवा, तुम्ही सांगा. शास्त्रात बसते का?"

सगळे आमच्याकडे पाहू लागले. कीर्तनाला दीड तास होता. आम्ही म्हटले, रात्री सांगतो.

खरे तर आम्हांस वेळ हवा होता. अपूप शब्द फार जुना. ऋग्वेदात तो आहे, तुपाने युक्त अपूपाचा उल्लेखही तेथेच आहे. पाणिनीने त्यासाठी सूत्रात जागा दिली आहे. परंतु अपूप म्हणजे अनारसाच, असे आम्हांस कोठेही आढळलेले नाही. धान्याचे पीठ, गोडवा आणि तूप, एवढे त्याचे लक्षण. दानाच्या संकल्पात गूळ आणि तूप येतात. पंगतीस मालपुवा बसेल, घारगा बसेल. सांजोरीही बसेल, जी आखाजीला खानदेशात घरोघर होते. तांबड्या भोपळ्याचा घारगा बसत असेल तर सफरचंदाने काय पाप केले? भोपळा किसून कणकेत घालतात, सफरचंद अखंड चकतीने जाते, एवढाच भेद.

त्या रात्रीचे आख्यान आम्ही ऐनवेळी बदलले आणि अपालेची कथा लावली. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातील ही अत्रिकन्या. त्वचारोगामुळे पतीने टाकलेली, असे परंपरा सांगते. पाण्यास जाताना तिला वाटेत सोम सापडला. तो वाटावयास दगड नाहीत, यज्ञ नाही, ऋत्विज नाही. तिने तो दातांनी चावला, आणि घरातील लाह्या, सातूचे पीठ, अपूप यांसह इंद्रास देऊ केला. इंद्र आला. त्याने तिला रथाच्या छिद्रातून, गाड्याच्या छिद्रातून, जुवाच्या छिद्रातून, असे तीन वेळा ओढून काढले आणि तिची कांती सूर्यासारखी केली. (विवाहात वधूच्या मस्तकी जू धरून त्याच्या छिद्रातून पाणी सोडतात, तेथे म्हणतात तो मंत्र याच सूक्तातला. किती यजमानांस हे ठाऊक असते?) कालच्या कोटीबद्दल आम्ही व्यासपीठावरूनच क्षमा मागितली. छिद्राची थट्टा करणाऱ्याने अपालेची कथा विसरू नये, असे म्हणालो. नात त्या रात्रीही दुसऱ्या ओळीत होती. काकू घरीच राहिल्या होत्या.

घरी परतल्यावर निर्णय सांगितला. अंडे नको, तेल नको, साखरेऐवजी गूळ, तळण गाईच्या तुपात, आणि पीठ मैद्याचे नव्हे, कणकेचे. एवढे पाळले तर तो अपूपच. आणि काकूंचे एकवीस म्हणजे आठ वसू, अकरा रुद्र, प्रजापती व वषट्कार झाले. राहिले ते बारा आदित्य, ते पणतवंडाच्या देशाकडून येऊ द्यावेत.

काकू हसल्या नाहीत. "गणित जमवलेत बुवा," म्हणाल्या आणि झोपावयास गेल्या.

द्वादशीस पहाटे नातीने तीन सफरचंदे घेतली. हिमाचलातील पहिली फळे जुलैत बाजारात येऊ लागतात, तीच होती. जरा आंबट, घट्ट, तळणीस उत्तम. साले काढून पाव इंच जाडीच्या चकत्या केल्या आणि प्रत्येकीच्या मधला बियांचा गाभा बाटलीच्या बुचाने टिपून काढला. काळी पडू नयेत म्हणून लिंबू पिळले. वाटीभर कणीक, दोन चमचे बारीक रवा, पाऊण वाटी कोमट दुधात विरघळवून गाळून घेतलेला गूळ, वेलदोडा, चिमूटभर मीठ. पीठ चकतीस धरून राहील इतके दाट. पहिली चकती तिने सोडली आणि ती कढईच्या बुडाशी जाऊन बसली. तूप तापलेच नव्हते. दुसरी सोडली, तीही तशीच तूप पीत पडली.

दारात काकू उभ्या होत्या. केव्हा आल्या कोणास ठाऊक.

"सर बाजूला," त्या म्हणाल्या. पिठाचा थेंब तुपात टाकून पाहिला, आच वाढविली, थेंब तरंगून वर येताच कमी केली. मग पाट ओढून बसल्या. नात चकत्या बुडवून देई, काकू सोडीत. हात कापत होता; पण चकती काही अनारशासारखी नाजूक नसते, ती कापऱ्या हातालाही धरवते. दोन मिनिटे एक बाजू, दोन मिनिटे दुसरी. कडा सोनेरी, मध्ये वाटोळे छिद्र, तोंडाशी धरले तर पलीकडले दिसावे असे. पणतीने ते डोळ्यास लावून पणजीकडे पाहिले आणि विचारले, "ह्याला एकच भोक आहे. मग एकच हजार वर्षे?"

या शास्त्रार्थास आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. काकूंनी दिले. चकती मोडून कणकेच्या पोटातील बारीक जाळी दाखविली. "मोज," म्हणाल्या.

दान यथासांग झाले. कांस्यपात्रात खाली चकत्या, वर अनारसे. आम्ही उलट सुचविले होते. काकूंनी ऐकले नाही.

डोनटचा प्रश्न मात्र उरला होता, आणि तो दानाचा नसून पोटाचा होता. यीस्ट घालून पीठ आंबवावे की नाही? मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आंबलेले पदार्थ वर्ज्य सांगून दही आणि दह्यापासून केलेले पदार्थ त्यातून वगळले आहेत. जिलबी आपण खातोच, अनारशाचा तांदूळही तीन दिवस भिजून आंबूसच होतो. तरी श्रावणात वाद नको म्हणून दही आणि चिमूटभर सोडा घालून कणीक-मैद्याचे पीठ भिजविले, तासभर झाकून ठेवले, अर्धा इंच जाड लाटले. फुलपात्राने वर्तुळ, बुचाने मधले भोक. भोक ही हौस नव्हे. जाड गोळा बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. मध्ये वाट ठेवली की तूप दोन्हीकडून पोहोचते. मेदुवड्यास भोक याचसाठी, आणि बालुशाहीच्या मध्यावर अंगठ्याची खळी दाबतात तीही याचसाठी.

जिज्ञासूंसाठी सांगतो. हा पदार्थ अमेरिकेत नेला तो याच डच लोकांनी. वॉशिंग्टन अर्व्हिंग याच्या १८०९ सालच्या पुस्तकात न्यूयॉर्कच्या डच घरांतील या गोळ्यांचे वर्णन आहे, आणि ते डुकराच्या चरबीत तळीत, असेही त्यात आहे. काकूंची शंका अगदीच निराधार नव्हती तर! तळणीचा संबंध सणाशी जोडणारे मात्र आपणच नव्हे. ज्यू लोक हनुक्कात मंदिरातील दिव्याच्या तेलाच्या स्मरणार्थ मुरंबा भरलेले गोळे तळतात. ख्रिस्ती देशांत मोठ्या उपवासाआधी घरातील स्निग्ध पदार्थ संपवावयास तळणी होते.

पणतीने चार डोनट खाल्ले. काकूंनी अर्धा चाखला आणि वेलदोडा कमी पडल्याचे सांगितले. विमानात नेण्यास डबा भरला तेव्हा त्यात अनारसे किती आणि डोनट किती यावरून घरात पुन्हा थोडा वाद झाला, पण त्यात आम्ही पडलो नाही. तुपात तळलेले गव्हाचे पदार्थ शिळे झाले तरी दूषित मानू नयेत, हेही त्याच पाचव्या अध्यायात आहे, एवढे मात्र आवर्जून सांगितले.

पुढला अधिक मास ज्येष्ठाचा, २०२६ साली १७ मे ते १५ जून. त्याविषयी काकूंनी यजमानांकरवी आम्हांस विचारणा केली होती. मे महिन्यात सफरचंदे शीतगृहातील, पिठूळ असतात. त्याऐवजी कोणते फळ चकतीस उभे राहील, आणि आंबा तळलेला चालतो का, हे बुवांनी पाहून ठेवावे. आम्ही उलट टपाली विचारले, अनारशांचा तांदूळ किती भिजविणार? उत्तर आले, "तेहतिसांचा."