गडाच्या चढावर काळा धूर? आधी इंजेक्टर बघा
बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाचा चढ लागला, की एखादी भरलेली डिझेल जीप काळा धूर ओकायला लागते, ओढही कमी होते. मालक म्हणतो, पंप गेला. आम्ही म्हणतो, खर्चात पडण्याआधी एअर फिल्टर आणि इंजेक्टर बघा.

इंजेक्टर म्हणजे डिझेल फवारणारी पिचकारी. कॉमन रेल गाडीत पंप डिझेल दाबून एका जाड नळीत भरतो. दाब 1600 ते 2000 बारपर्यंत जातो. कारच्या टायरमध्ये जेमतेम दोन-अडीच बार असतो! ईसीयूचा इशारा आला की आतली सुई क्षणभर वर उचलली जाते आणि केसाएवढ्या छिद्रांतून धुक्यासारखा फवारा सिलिंडरमध्ये जातो. डिझेलमध्ये पाणी किंवा कचरा असला की सुई आणि छिद्रं खराब होतात, मग फवाऱ्याऐवजी थेंब पडतात. थेंब पुरता जळत नाही, त्याचाच काळा धूर. म्हणून डिझेल फिल्टरमधलं पाणी वेळच्या वेळी काढायचं.

आपली बरीच पोरं गॅरेजवर काम शिकतात, त्यांना कळकळीने सांगतो. चालू इंजिनात गळती बोटाने चाचपू नका. ती बारीक धार कातडी फोडून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण बोट कापायची वेळ येऊ शकते. दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठा, आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायला हात लांब ठेवून पुठ्ठा धरा.