हलगी कोणाच्या हातात?
शाळेतलं गाणं : लेखांक ६

आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आहुपे, कोंढवळ, तिरपाडकडे जा, नाहीतर जुन्नरच्या नाणेघाटाच्या बाजूला. तिथल्या छोट्या प्राथमिक शाळांना संगीताचा वेगळा शिक्षक मिळत नाही. शिक्षण हक्क कायद्याने कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे तो सहावी ते आठवीला, आणि तोही पट शंभराच्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीचा पट साठपर्यंत असला की शिक्षक दोन. म्हणजे सकाळी परिपाठ घेणारे, भागाकार शिकवणारे, पोषण आहाराची नोंद ठेवणारे गुरुजी किंवा बाईच 'खेळू, करू, शिकू' या पुस्तकामधलं गायन-वादनही घेणार, तेही दोन-तीन इयत्ता एकत्र बसवून. गेल्या आठवड्यात आपण गाणी कशी निवडायची ते पाहिलं. गाणं सुरू झाल्यावर वर्ग हाताबाहेर जातो, त्याचं काय करायचं ते आज बघू.

मुलांना गाणं नको असतं म्हणून गोंधळ होतो, असं क्वचितच दिसतं. त्यांना ते फार हवं असतं. कपाटात एक ढोलकी, एक हलगी, टाळांच्या दोन-चार जोड्या, थोड्या लेझमी. समोर पंचवीस मुलं. ज्याच्या वाट्याला काहीच आलं नाही तो पुढच्याच्या पाठीवर ठेका धरतो, पुढचा वळून ढकलतो, आणि तास संपेपर्यंत भांडण मिटत नाही. मग डोळे वटारणं, छडी, 'जा, बाहेर उभा राहा'. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, पाठीवर का होईना पण लयीत वाजवणारं पोर बाहेर काढून आपण वर्गातला एक चांगला हात घालवतो.

रिकाम्या हातांना काम द्यायचं आणि वाद्यांची वाटणी तालातच करायची. केरवा घ्या, आठ मात्रांचा. पहिल्या मात्रेला, म्हणजे समेला, सगळ्यांची टाळी. पाचवीला खाली, तिथे तळहात उघडा, आवाज नाही. दोन मुलांकडे वाद्यं, बाकीचे हातावर. चार आवर्तनं झाली की वाद्य उजवीकडच्या मुलाकडे सरकतं, ठेका मात्र थांबत नाही. आपली पाळी कधी येणार हे कळायला वाट पाहणाऱ्याला बत्तीस मात्रा मोजाव्याच लागतात, आणि मोजणाऱ्या मुलाला खोड्या काढायला सवड राहत नाही. पहिलीच्या मुलांना एवढं थांबवत नाही. त्यांना दोनच आवर्तनं ठेवा. 'माझी पाळी गेली' म्हणून कोणी रडलं तर शेजाऱ्याने नुसता गुडघ्याला हात लावून आठवण करावी. तेवढं पुरतं.

थांबण्याचा सराव गाण्याच्या आधी करून घ्यावा. तीन टाळ्या आणि गुरुजींचा हात वर, की मुलांचे हात मांडीवर. खूण एकच ठेवा आणि वर्षभर बदलू नका. आषाढ-श्रावणात घाटमाथ्याच्या या गावांत पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की गुरुजींचा आवाज तिसऱ्या ओळीपर्यंतही पोचत नाही. तिथे ओरडून काही साधत नाही, वर उचललेला हात लांबून दिसतो.

लेझमीचं तंत्र वेगळं. लेझीम हातात दिली आणि मग सूचना सांगायला लागलात तर एक अक्षर कोणाला ऐकू येणार नाही. जरा हललं तरी चकत्या वाजतात. जे सांगायचं ते आधी सांगून घ्या. दोन मुलांनी लेझमी प्रत्येकासमोर जमिनीवर ठेवाव्यात, खुणेशिवाय कोणी उचलू नये. मग 'लेझीम स्कंध' ही आज्ञा, आणि त्यानंतर 'चौ आवाज'. यात्रेतली लेझीम पाहिलेल्या मुलांना खुणेवर चालायचं हे समजावून सांगावं लागत नाही. हलगीवाल्याने चाल बदलली की सगळी रांग बदलते, हे त्यांनी लहानपणापासून बघितलेलं असतं.

आता हलगीविषयी. वर्गातला सगळ्यात वाईट प्रसंग आरडाओरड्याचा नसतो, तो एखाद्या हळूच काढलेल्या शब्दाचा असतो. हलगी बाहेर आली की कोणीतरी विशिष्ट घरातल्या मुलाकडे बघून हसतं, 'ही तुझी' म्हणतं. ते मूल त्या दिवसापासून मागे बसायला लागतं, नाहीतर मारामारी करतं, आणि आपण त्याच्या नावापुढे 'खोडकर' लिहितो. कधी गुरुजीही भाबडेपणाने 'तुमच्या घरात आहेच की' म्हणून हलगी त्याच मुलाला देतात. हे टाळायलाच हवं. हलगी सगळ्यांच्या हातून फिरली पाहिजे, मुलींच्याही, आणि पाळी ठरेल ती हजेरीच्या क्रमाने, त्याच क्रमाने मुलं बसवून. चिडवलं गेलं तर ते तिथल्या तिथे थांबवायचं, गाणं अर्धं सोडून. माझ्या मते गाणं अर्धं सोडण्याचं एवढं एकच कारण योग्य आहे.

या मातीतल्या मुलांना अभिमानाने सांगता येईल असं नावही जवळच आहे. नारायणगावच्या भाऊ-बापू मांग यांच्या तमाशा फडात कलावंत विठाबाई घडल्या; 2002 साली त्या गेल्या, आणि आज राज्य शासनाचा तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. चौथी-पाचवीच्या मुलांना ही गोष्ट सांगितली की हलगी-ढोलकीकडे बघायची नजर बदलते. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात, हे तर त्यांनी पाहिलेलंच असतं. त्याच दिवसांत यात्रेला रात्रभर जागून आलेलं मूल वर्गात पेंगतं किंवा चिडचिडतं. त्याला रागावू नका, भिंतीशी टेकून बसू द्या आणि टाळांची एक जोडी द्या.

दंगा फारच चढला तर शांततेचा खेळ घ्यावा. माँटेसोरींच्या पद्धतीतला हा खेळ ताराबाई मोडकांनी स्वीकारलेल्या बालशिक्षणाचाही भाग होता. ताराबाई आणि अनुताई वाघ 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांबरोबर राहिल्या, त्यांचं काम या पट्ट्यातल्या शिक्षकांनी जरूर वाचावं. मिनिटभर डोळे मिटायचे आणि मग प्रत्येकाने ऐकलेला एक आवाज सांगायचा, आधीच्याने सांगितलेला सोडून. घाट चढणारी एसटी, कोंबडा, पागोळ्या, शेजारच्याचा श्वास. नेहमी बडबडणारी मुलं यात सगळ्यात पुढे असतात, असं मी पाहिलं आहे. त्यांचे कान तल्लख असतात. त्यांनी सांगितलेल्या आवाजांतलाच एक घेऊन पुढचा ठेका बांधता येतो.

शेवटची पाच मिनिटं आवराआवरीला ठेवा. वाद्यं तशीच ठेक्यात, उजवीकडे सरकत कपाटाशी येतात, आणि ज्याच्या हातून शेवटचं वाद्य आत गेलं तो पुढच्या तासाला पहिली हलगी धरतो.

पुढच्या लेखांकात : पेटी नसताना पट्टी कशी ठरवायची?