इशारा पोहोचतो का?

साउंडक्लाउड या संगीत कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेले प्रोमेथियस हे सॉफ्टवेअर आज सर्व्हरवर देखरेख ठेवायला सर्रास वापरले जाते. डिस्क किती भरली, मेमरी किती उरली, हे आकडे ते ठरावीक वेळाने प्रत्येक सर्व्हरकडून स्वतः मागून घेते. मूळ सेटिंगनुसार दर १ मिनिटाने. आणि जुने आकडे १५ दिवसांनी पुसले जातात.

खरे कसब लागते ते या आकड्यांवर अलर्ट, म्हणजे इशारे, लावताना.

क्षणभर सीपीयू ९५ टक्क्यांवर गेला म्हणून रोज रात्री दोनला फोन खणाणला, तर ड्युटीवरचा माणूस त्याकडे लक्ष देणे सोडतो. म्हणून नियमातच ‘५ मिनिटे हीच स्थिती राहिली तर’ अशी अट घालतात.

अलर्ट पोहोचतो का, हेही अधूनमधून तपासावे लागते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या मुख्य डेटाबेसमधला सुमारे ३०० जीबी डेटा चुकून पुसला गेला. शोधाशोध केल्यावर कळले, की रोजचा बॅकअप होतच नव्हता. तो फसल्याचे ईमेल निघत होते. पण डीमार्क या ईमेलचा अस्सलपणा पाहणाऱ्या तपासणीत ते नाकारले जात होते. बाकीचा डेटा परत मिळाला, पण जवळपास ६ तासांचा कायमचा गेला.