रोजची गोळी आणि पाच वर्षांचा हिशेब

केमो संपते, रेडिएशन संपतं, केस परत येतात. घरचे म्हणतात, ‘सुटलीस एकदाची.’ त्याच सुमारास डॉक्टर नवी चिठ्ठी लिहून देतात: रोज एक गोळी, निदान पाच वर्षं. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या बायका आधारगटात जमल्या, की बोलणं फिरून या गोळीवर येतं.

“गाठ तर काढली, मग आता गोळी कशाला?” नवी आलेली विचारते. जुनी ताई तिला फाइल उघडायला लावते. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात ईआर आणि पीआर या दोन ओळी शोधायच्या. त्या पॉझिटिव्ह असल्या, तर गाठीला वाढायला हार्मोनचं बळ मिळत होतं. टॅमॉक्सिफेनची गोळी इस्ट्रोजेन या हार्मोनला पेशीच्या रिसेप्टरवर बसू देत नाही. लेट्रोझोल, अनॅस्ट्रोझोल ते तयारच कमी होऊ देतात. पण या दोन गोळ्या पाळी कायमची गेलेल्यांसाठी, किंवा इंजेक्शनने अंडाशयाचं काम थांबवलेल्यांसाठी.

मग त्रास बाहेर पडतात. रात्री अंगातून वाफा निघतात, गाऊन घामाने भिजतो. लेट्रोझोलवाल्यांची बोटं सकाळी आखडतात, लाटणं हातात धरवत नाही. योनीच्या कोरडेपणाबद्दल नवऱ्याशीही न बोललेली बाई इथे बोलते. कुणी नियमित चालण्याने सांधे सैल झाल्याचं सांगते, कुणी हाडांची डेक्सा तपासणी करून घ्यायला बजावते. टॅमॉक्सिफेनवर असताना, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव दिसला तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा, हे सगळ्यांना पाठ असतं.

खरा पेच पाच वर्षं भरल्यावर. पाच वर्षांच्या टॅमॉक्सिफेनने पुढे पंधरा वर्षांपर्यंत या आजाराचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. दहा वर्षं घेतलं तर? 2012 साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅटलास’ चाचणीत, निदानानंतरच्या पाचव्या ते चौदाव्या वर्षांत, पाच वर्षांवर थांबलेल्या शंभरजणींत 15 मृत्यू या कर्करोगाने होतील असा अंदाज निघाला. गोळी चालू ठेवलेल्यांत 12. गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका मात्र शंभरात 1.6 वरून 3.1 झाला.

काखेतल्या गाठींपर्यंत आजार पोचलेली बाई हे आकडे ऐकून पुढे चालू ठेवायचं ठरवते. लहानशा गाठीवर निभावलेली पाच वर्षांवर थांबते. दोघींचं बरोबर असू शकतं, कारण दोघींचा मूळ धोकाच वेगळा. म्हणून मैत्रिणीचा निर्णय उचलून आपल्या फाइलला लावता येत नाही. मैत्रिणीकडून घ्यायचे ते प्रश्न.

सगळ्यात घातक असतं ते कुणाला न सांगता गोळी बंद करणं. त्रास असह्य झाला, तर औषध बदलता येतं, त्रासावर वेगळा उपचार करता येतो. मूल हवं असेल, तर देखरेखीखाली काही काळ गोळी थांबवण्याचा विचारही आता होतो. त्रास तारखेनिशी लिहून ठेवा, सोबत इतर औषधांची यादी ठेवा. नैराश्यावरची पॅरोक्सेटीनसारखी औषधं टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात. तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा: माझ्या बाबतीत फायदा किती, धोका किती?