ब्रेक-ऑइल केव्हां व कां बदलावें?

भिवंडीहून मोटारीनें नाशिकला जातांना कसाऱ्याचा घाट चढावा लागतो. चढतांना कसोटी इंजिनाची. परततांना मात्र ती ब्रेकची. इगतपुरीहून कसाऱ्यापर्यंत रस्ता सुमारें ३०० मीटर खालीं उतरतो. या उतरणीवर ब्रेक जितका वेळ दाबून धरावा, तितका वेळ चाकांपाशीं घर्षणानें उष्णता उत्पन्न होत असते. ही उष्णता अखेर ज्या पदार्थाला सोसावी लागते, त्याची आठवण गाडीच्या मालकाला क्वचितच होते. तो पदार्थ म्हणजे ब्रेक-ऑइल होय.

नांवांत 'ऑइल' असलें तरी हें वंगण नव्हे. बहुतेक गाड्यांत तो ग्लायकॉल-वर्गांतील एक रासायनिक द्रव असतो. बंदिस्त द्रवाला एका ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोंचतो, हा नियम सतराव्या शतकांत फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल यानें मांडला. त्याच नियमानें पायाचा जोर नळ्यांतून चारही चाकांच्या ब्रेकपर्यंत जातो.

परंतु या द्रवाला एक खोड आहे. पावसाळ्यांत मीठ जसें हवेंतील ओल ओढून पाझरूं लागतें, तसाच हा द्रवही ओल शोषून घेतो. रबरी नळ्यांतून व टांकीच्या झांकणावाटे ती सूक्ष्म प्रमाणांत आंत शिरते. भिवंडीसारख्या खाडीजवळच्या गांवांतील दमट हवेंत गाडी नुसती उभी असली, तरी हें शोषण चालूच राहतें.

'डॉट ३' प्रतीचें कोरें ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये, असें प्रमाण आहे. त्यांत शेंकडा ३.७ भाग पाणी मुरलें कीं ही मर्यादा १४० अंशांवर येते. 'डॉट ४' प्रतीचे हेच आंकडे २३० व १५५ आहेत. ब्रेक फार तापले म्हणजे पाणी मुरलेलें ऑइल उकळतें व त्यांत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाहीं, पण वाफ दबते. मग पायाचा सारा जोर बुडबुडे दाबण्यांतच खर्ची पडतो. पेडल तळाला जातें आणि गाडी थांबत नाहीं. ऑइल निवल्यावर ब्रेक बहुधा पूर्ववत् लागतात, म्हणून दोष कोठें होता हें पुष्कळदां कळतही नाहीं. याशिवाय पाण्यामुळें सिलिंडर आंतून गंजतात तें वेगळेंच.

तेव्हां टांकी भरलेली आहे एवढ्यावर निर्धास्त राहूं नये. पातळीवरून ऑइल किती आहे हें कळतें, कसें आहे हें कळत नाहीं. वरून थोडें नवें ओतल्यानें मुरलेलें पाणी जात नाहीं. जुनें सर्व काढून, नवें भरून, नळ्यांतील हवाही काढावी लागते. पुष्कळ कारखानदार दर दोन वर्षांनीं हें करण्यास सांगतात. गाडी थोडी चालली असली तरी ही मुदत टळत नाहीं. झांकणावर लिहिलेल्या प्रतीचेंच ऑइल, तेंही सीलबंद डब्यांतील, घ्यावें. इंजिन-ऑइल चुकूनही ओतूं नये. त्यानें रबरी भाग फुगून निकामी होतात.

घाट उतरतांना आधींच खालचा गिअर घालावा, म्हणजे ब्रेकवरील भार हलका होतो. पेडल अचानक मऊ लागलें, तर तें पुनःपुन्हां दाबावें, आणखी खालचा गिअर घालावा आणि हँड-ब्रेक हळूहळू ओढावा. मात्र ही वेळच येऊं नये, यासाठीं ऑइल बदलल्याचा दिनांक लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. मिस्त्री बदलला तरी मुदत विसरली जाणार नाहीं.